जुनीं पथिकगृहें आणि शेजारधर्म

गेल्या चैत्रांत आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला, तो हातांत एक अर्ज घेऊन. महाबळेश्वराच्या पठारावर, गांवापासून बरेंच दूर, त्याच्या आजोबांनीं सुरू केलेलें एक पथिकगृह आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, तीन बाजूंनीं रुंद पडवी, मंगलोरी कौलें, सात खोल्या आणि एक लांबट भोजनगृह, एवढाच त्याचा पसारा. त्याच्या मागच्या उतारावर चोवीस खोल्यांची दुमजली इमारत बांधावी आणि पुढच्या मोकळ्या जागेंत लग्नकार्यांसाठीं कायमचा मांडव घालावा, अशी त्याची योजना. नियमांप्रमाणें त्या जागीं एवढें बांधकाम बसत नाहीं. तथापि वास्तु ऐतिहासिक असल्यास कांहीं सवलत मिळूं शकेल, असें त्याला कोणीं तरी सांगितलें होतें. म्हणून अर्जाला जोडण्यासाठीं त्याला आमचे दोन शब्द हवे होते: वास्तु जुनी आहे, तिला वाङ्मयीन आठवणी आहेत, तिचा विस्तार संस्कृतीच्या दृष्टीनें इष्ट आहे. “सर, तुम्ही कितीदां तरी येऊन राहिलां आहां,” तो म्हणाला. गोष्ट खरी होती. आमच्या पहिल्या पुस्तकाचीं दोन प्रकरणें त्या पडवींतच लिहून झालीं. असें असतां लेखणी कांहीं चालेना. कारण बोलतां बोलतां त्यानेंच सांगून टाकलें कीं, खालच्या अंगाला ज्यांचें स्ट्रॉबेरीचें शेत आहे त्या शेजाऱ्यानें हरकत घेतली आहे. त्याची विहीर उताराच्या पायथ्याशीं आहे, आणि नव्या इमारतीसाठीं घ्यावयाची कूपनलिका तिच्या माथ्यावर येते.

वरवर पाहतां हा प्रश्न कचेरींतला. नकाशा, उतारा, शिक्का, दाखला यांनीं तो सुटावा. परंतु जुन्या वस्तूवर कोणाचा किती अधिकार, आणि जुनेपणा हा स्वतःच एक अधिकार होऊं शकतो काय, हा प्रश्न नीतीच्या प्रांतांतला आहे, आणि त्याचा निकाल कारकुनावर सोंपवून मोकळें होतां येत नाहीं.

ज्याला इंग्रजींत झोनिंग म्हणतात त्या विभागनियमनाचा जन्म शहरांत झाला. आपल्या मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ सालीं झाला. न्यूयॉर्कनें सबंध शहरासाठीं विभागांचे नियम केले ते त्याच्या पुढच्या वर्षीं. वस्ती कोठें, बाजार कोठें, कारखाना कोठें, याची आंखणी करावी, एवढाच त्यांतील मूळ विचार. ओहायओ राज्यांतील युक्लिड या गांवानें असे नियम केले तेव्हां जमिनीचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीनें ते न्यायालयांत नेले, आणि १९२६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें गांवाच्या बाजूनें निकाल दिला. त्या निकालपत्रांत न्यायमूर्ति सदरलंड यांनीं एक घरगुती दृष्टांत योजिला आहे. उपद्रव म्हणजे नेहमीं वाईटच वस्तु असते असें नव्हे. चांगली वस्तु भलत्या जागीं आली तरी उपद्रव होतो, जसें गोठ्याच्या आवारांतलें डुक्कर दिवाणखान्यांत शिरावें. आम्हांला हा दृष्टांत सगळ्या विभागनियमनाचें सार वाटतो. वस्तूच्या गुणदोषांचा येथें विचारच नाहीं. विचार आहे तो तिच्या जागेचा आणि शेजाराचा. आपल्याकडील शेजारधर्म या शब्दांत जें आहे तेंच यांत आहे, फरक इतकाच कीं येथें तो धर्म पाळला नाहीं तर दंड होतो.

पण नियम व्हावयाच्या आधींपासून जें उभें आहे त्याचें काय करावयाचें? यावर अमेरिकन कायद्यानें एक तोड काढली. विभागाशीं विसंगत असा जुना उपयोग चालूं द्यावा, मात्र वाढूं देऊं नये. अपेक्षा अशी कीं, असे उपयोग कालांतरानें आपोआप आटोपतील. शेतीच्या प्रदेशांत रस्त्याकाठीं उभीं असलेलीं शें-दोनशें वर्षांचीं पथिकगृहें आणि उपाहारगृहें याच पेंचांत सांपडलीं. नियमाच्या दृष्टीनें तीं विसंगत. लोकांच्या दृष्टीनें तींच त्या प्रदेशाचा अलंकार. ज्याचें हळूहळू नाहींसें होणें कायद्याला अपेक्षित, त्याचेंच जतन व्हावें म्हणून समाज कळकळीनें बोलतो! म्हणून मग पुष्कळ ठिकाणीं विशेष परवानगीची एक खिडकी ठेवण्यांत आली. वास्तु ऐतिहासिक ठरली तर तिला जोड बांधतां यावी, भोजनगृह वाढवितां यावें, समारंभ करतां यावेत. हेतु चांगला. परंतु त्या खिडकींतून पुढें काय काय आंत येतें, हें पाहण्यासारखें आहे.

इंग्लंडांतील एका नियमानें आमचें लक्ष विशेष वेधून घेतलें. मोठ्या शहरांभोंवतीं तेथें जे हरितपट्टे राखले आहेत त्यांत नवी इमारत सहसा होऊं देत नाहींत. असलेल्या इमारतीस जोड देतां येते, पण ती मूळ इमारतीच्या मानानें बेसुमार असतां कामा नये. आतां मूळ इमारत कोणती? व्याख्या अशी आहे कीं, १ जुलै १९४८ रोजीं जी जशी उभी होती ती मूळ. १९४७ चा नगर-ग्राम-नियोजनाचा कायदा त्या दिवशीं अंमलांत आला, म्हणून हा दिवस. त्यानंतर जें बांधलें गेलें त्याचें मूळ अर्थात् तें बांधलें तेव्हांचें.

हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांला हंसूं आलें. इंग्लंडांतील एखादें जुनें पथिकगृह डोळ्यांपुढें आणावें. मधलें दालन ओक लांकडाचें, ट्यूडर राजांच्या वेळचें. घोड्यांच्या टपालगाड्या धांवूं लागल्या तेव्हां पुढें विटांचें नवें तोंड बसविलें, मागें तबेले वाढले, गाडी आंत घेण्यासाठीं कमान फोडली. मग आगगाडी आली आणि तबेले ओस पडले. पुढें सायकली आल्या, मोटारी आल्या, आणि त्याच तबेल्यांतून भोजनाचीं टेबलें लागलीं. अशा घराचा मूळपणा एका जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस सिद्ध झाला, असें म्हणणें हें नागसेनानें मिलिंद राजाला विचारलेल्या रथाच्या प्रश्नाला दिनदर्शिकेनें उत्तर देण्यासारखें आहे. आंस म्हणजे रथ नव्हे, चाकें म्हणजे रथ नव्हेत. मग १९४८ म्हणजे मात्र रथ! जें घर पांच शतकें वाढत आलें, वाढणें हीच ज्याची प्रकृति, त्याला “तूं आतां ऐतिहासिक झालास, यापुढें वाढूं नकोस” असें सांगणें म्हणजे वयांत आलेल्या माणसाचा फोटो काढून त्याला त्याच वेषांत जन्मभर बसवून ठेवणें नव्हे काय?

परंतु अधिक विचार केल्यावर त्या तारखेंत आम्हांला शहाणपण दिसूं लागलें. ती तारीख सत्य सांगण्याचा आव आणीत नाहीं. ती केवळ माप घेण्याचा खुंटा आहे. असा खुंटा नसला म्हणजे प्रत्येक जोड ही पुढच्या जोडीची पायरी होते. आज दहा खोल्यांना पांच जोडल्या, उद्यां पंधरांना सात, परवां बावीसांना अकरा. प्रत्येक वेळीं वाढ मापांत, आणि शेवटीं पाहावें तों मूळचें घर नव्या इमारतीच्या कोंपऱ्यांत स्वागतकक्ष म्हणून उभें! “भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी” ही म्हण आपल्या पूर्वजांनीं नियोजनशास्त्र न शिकतांच रचली. ओसरी किती दिली होती याची कोठें तरी नोंद असावी लागते. ती नोंद कोणत्या दिवशींची आहे यापेक्षां ती आहे, ही गोष्ट महत्त्वाची.

याच्या उलट टोंकाचें एक उदाहरण अमेरिकेंत आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यांत सडबरी येथें १७१६ सालापासून हाउ नांवाच्या घराण्याचें एक पथिकगृह होतें. त्याला लाल घोड्याचें पथिकगृह म्हणत. १८६१ सालीं घराण्यांतील शेवटचा मालक वारला आणि तें बंद पडलें. पुढल्या वर्षीं कवि लाँगफेलो तें पाहून गेला, आणि १८६३ सालीं त्याच्या पार्श्वभूमीवर रचलेल्या कथाकाव्यांचें पुस्तक त्यानें प्रसिद्ध केलें. त्या पुस्तकानें घराला कीर्ति आणि आज चालत असलेलें नांव, दोन्ही दिलीं. म्हणजे ज्या दिवसांत तें पथिकगृह म्हणून मेलें होतें त्याच दिवसांत तें ऐतिहासिक म्हणून जन्मास आलें. पुढें १९२३ सालीं तें हेन्री फोर्ड यांनीं विकत घेतलें. फोर्ड यांनीं भोंवतालची सुमारें तीन हजार एकर जमीन घेतली, एक जुनी शाळा दुसऱ्या गांवाहून उचलून तेथें आणून ठेवली, पाण्यावर चालणारी एक चक्की बांधविली. आणि मोटारींच्या रहदारीनें जुन्या घराला हादरे बसूं नयेत म्हणून हमरस्ताच वळवून दूर नेला. ज्या गृहस्थानें मोटार घरोघर पोंचविली त्यानेंच आपल्या आवडत्या घरापुढून मोटारी हलविल्या, यांतील विनोद राहूं द्या. पण वाटेवरचें घर म्हणून ज्याची प्रसिद्धि त्याची वाटच काढून घेतली, याला जतन म्हणावें कीं आणखी कांहीं? १९५५ च्या डिसेंबरांत त्या घराला मोठी आग लागली; तें पुन्हां बांधून काढलें, आणि १९५८ पासून तेथें पुन्हां पाहुणे उतरूं लागले. दगडविटांचा मूळपणा बराचसा गेला. पाहुण्यांना जेवूं घालण्याचा व्यवसाय मात्र चालूं राहिला. आम्हांला विचाराल तर, त्या घराच्या इतिहासाचा खरा धागा तोच.

आणि येथें आम्ही आमच्या अडचणीच्या मुळाशीं येतों. पथिकगृह हें देऊळ नव्हे, किल्लाहि नव्हे. तें कोणाला तरी निवारा आणि अन्न देतें तोंवरच तें पथिकगृह. तेव्हां त्याचा ऐतिहासिकपणा दगडांत शोधून पुरा होणार नाहीं. तो पाहुणा, यजमान आणि भोंवतालचा गांव या तिघांच्या संबंधांत शोधावा लागेल. जुन्या काळीं हा संबंध मापांत राहिला, तो कोणाच्या सद्गुणामुळें नव्हे, तर साधनांच्या तोकडेपणामुळें. विहिरींत जेवढें पाणी तेवढेच पाहुणे, गांवांत जेवढें दूध तेवढाच चहा. कूपनलिका, टँकर आणि जनित्र यांनीं हें माप मोडलें. जें काम पूर्वीं दारिद्र्य करीत होतें तें आतां नियमाला करावें लागतें. आणि नियमाला दारिद्र्याइतका धाक नसतो.

महाबळेश्वराचीच गोष्ट घ्या. वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस तेथें पडतो, आणि चैत्र-वैशाखांत त्याच डोंगरावरील कांहीं वाड्यांत हंड्यांच्या रांगा लागलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. पाणी येतें तसें उतरून जातें. हॉटेलांतील एका खाटेमागें दिवसाला १८० लिटर पाणी धरावें, असें भारतीय मानकांत सांगितलें आहे. चोवीस खोल्या, म्हणजे अठ्ठेचाळीस खाटा. दिवसाचें पाणी साडेआठ हजार लिटरांहून अधिक झालें, आणि त्यांत लग्नाचा मांडव धरलेला नाहीं. हा हिशेब आम्हीं विद्यार्थ्यासमोर पाठकोऱ्या कागदावर मांडला. त्यानें तो नाकारला नाहीं. केंद्र सरकारनें १७ जानेवारी २००१ रोजीं महाबळेश्वर-पांचगणीचा टापू आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजीं माथेरान पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनक्षम म्हणून घोषित केलें, तें अशा हिशेबांमुळेंच. त्या अधिसूचनांत झरे-झाडें यांच्याबरोबर माणसानें निर्माण केलेल्या वारशाचीहि यादी करावी असें सांगितलें आहे. एकाच कागदावर झरा आणि पडवी शेजारीं शेजारीं यावीं, हें आम्हांला उचित वाटतें.

पण विद्यार्थ्याचें म्हणणेंहि हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. तो म्हणाला, “सर, तुम्हांला सात खोल्या आवडतात, कारण तुम्ही वर्षांतून चार दिवस येतां. त्या पावसांत कौलें दरवर्षीं फिरवावीं लागतात, वांसे कुजतात, भिंतींना ओल येते. सात खोल्यांच्या उत्पन्नांत हें भागत नाहीं. नाहीं वाढलों तर विकावें लागेल. आणि घेणारा पडवी ठेवील, असें तुम्हांला वाटतें काय?” यावर आमच्याजवळ झटकन् देण्यासारखें उत्तर नव्हतें. वाढच नको, असा नियम केला तर जुनीं घरें केवळ अशांच्या हातीं राहतील ज्यांना त्यांच्या उत्पन्नाची गरज नाहीं. प्रत्येक पडवीला फोर्ड मिळत नाहीं, आणि मिळाला तर त्या पडवींत आमच्यासारख्या प्राध्यापकाला बसूं देईलच असें नाहीं.

शिवाय आणखी एक कबुली देणें प्राप्त आहे. खेड्यानें बदलूं नये, अशी इच्छा बहुधा खेड्यांत न राहणारांची असते. आम्ही शहरांत नळाच्या पाण्यानें दोनदां स्नान करतों आणि सुटींत जाऊन कंदिलाच्या उजेडाचें कौतुक करतों. गेल्या दोन खेपांस त्या पथिकगृहांत आम्हीं कोणती खोली घेतली? जिला मागाहून न्हाणीघर जोडलें आणि जेथें कळ फिरवितांच ऊन पाणी येतें, ती! म्हणजे विस्ताराचा पहिला लाभ आम्हींच घेतला, आणि दुसऱ्या विस्तारास हरकत घ्यावयास आम्हींच पुढें सरसावलों. जतनाच्या नांवाखालीं असला स्वार्थ सर्रास चालतो. पठारावर ज्यांनीं अलीकडे बंगले बांधले तेहि आतां आणखी बंगले नकोत म्हणून निसर्गाच्या नांवानें अर्ज करतात. पाहुण्याच्या काठीनें साप मारावा, तसे जुन्या वास्तूच्या आणि झाडांच्या आडून आपल्या खिडकींतला देखावा राखतात. स्ट्रॉबेरीवाल्या शेजाऱ्याची हरकत या जातीची नाहीं. त्याला देखावा राखावयाचा नाहीं, त्याला विहीर राखावयाची आहे. हरकतींतील हा भेद नियमानें ओळखला पाहिजे. आणि आमची तक्रार अशी कीं, तो बहुधा ओळखला जात नाहीं, कारण देखाव्यासाठीं हरकत घेणाराला वकील परवडतो.

मग जुनेपणाचें मोल कांहींच नाहीं काय? आहे, पण तें कोणत्या बाजूनें मोजावयाचें हा वाद आहे. आमच्या विद्यार्थ्याला, आणि सवलत देणाऱ्या पुष्कळ नियमांनाहि, असें वाटतें कीं जुनेपणा म्हणजे सांठविलेलें पुण्य. तें खर्च करून इतरांस न मिळणारें कांहीं मिळवावें. आम्हांला तें ऋणासारखें दिसतें. शंभर वर्षें त्या घरानें याच डोंगराचें पाणी वापरलें, याच वाड्यांतील माणसें कामाला घेतलीं, याच शेजाऱ्याच्या आजाकडून दूध आणि भाजी घेतली. त्याचें नांव झालें तें केवळ त्याच्या भिंतींनीं नव्हे. पुढची उघडी माळ, खालचें शेत, रात्रींची शांतता, हीं सगळीं त्या नांवाचीं भागीदार आहेत. मांडवांत ध्वनिक्षेपक लावून ती शांतता विकली, तर भागीदारांची मिळकत त्यांना न विचारतां विकल्यासारखें होईल. म्हणून जुन्या घराला नव्या घरापेक्षां थोडी अधिक मोकळीक द्यावयाची तर ती डागडुजीला द्यावी, स्वयंपाकघराला द्यावी, चार खोल्यांनाहि द्यावी. पण त्याबरोबर शेजाऱ्यांबाबतची जबाबदारीहि नव्यापेक्षां अधिक घालावी. कर माफ करावा, दुरुस्तीस साह्य द्यावें, आणि त्याचा भार ज्यांना ती पडवी हवी आहे त्यांनीं, म्हणजे आमच्यासारख्या पाहुण्यांनीं, खोलीच्या भाड्यांतून उचलावा. सात खोल्यांचा आनंद हवा असेल तर सात खोल्यांचा खर्च द्यावयाची तयारी पाहिजे. आम्हीं इतकीं वर्षें ती दाखविली नाहीं; भाडें चढलें कीं कुरकूर करीत आलों.

अखेर आम्हीं दोन शब्द लिहून दिले. तसे ते दोनांहून बरेच झाले. पडवी, भोजनगृह आणि पूर्वेकडील पांच खोल्या आमच्या माहितीप्रमाणें जुन्या व जतन करण्याजोग्या आहेत; पश्चिमेकडील दोन खोल्या व न्हाणीघर मागाहूनचें आहे; आम्हीं तेथें लेखन केलें तें शांततेमुळें; उतारावरील चोवीस खोल्यांचा या ऐतिहासिकपणाशीं आम्हांला कांहीं संबंध दिसत नाहीं; कांहींहि बांधण्यापूर्वीं खालच्या विहिरीची पातळी वैशाखांत मोजून ठेवावी, आणि त्या वेळीं शेजाऱ्याला हजर ठेवावें. जुन्या खोल्यांचें भाडें वाढविण्यास आमची हरकत नाहीं, हेंहि शेवटीं लिहिलें, जरी तें अर्जाच्या विषयाबाहेरचें होतें.

विद्यार्थ्यानें पत्र वाचलें, दोनदां वाचलें. “हें जोडलें तर अर्ज नामंजूर होईल, सर.” आम्ही म्हणालों, “न जोडण्यास तूं मोकळा आहेस.” त्यानें तें घडी करून खिशांत ठेवलें, चहा घेतला, आणि जातांना नेहमींप्रमाणें वांकून नमस्कार केला. पत्र जोडलें कीं नाहीं हें आम्हांला अजून कळलेलें नाहीं. दिवाळीच्या सुटीसाठीं आम्हीं तेथें एक खोली सांगून ठेवली आहे, पूर्वेकडची, जिचें न्हाणीघर आंगणाच्या पलीकडे आहे.